माशाच्या तेलाचा पियानो

परवा फोनवर तुमच्यापैकी धाकटीने विचारलं, "आजी, डिड यू प्ले चर्च म्युझिक ऑर रिअल म्युझिक?" मी म्हटलं, दोन्ही. ती म्हणाली, "ॲट द सेम टाइम?" आणि तेवढ्यात फोन तुटला. प्रश्न चांगला होता आणि त्याचं उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून लिहून पाठवते आहे. मराठीतच लिहिते आहे. अडेल तिथे आईला विचारा. तिलाही अडलं तर मला कळवू नका, मला वाईट वाटेल.

पन्नासच्या दशकाच्या मध्यावर मी लग्न होऊन कुवेतला गेले. माझ्या ट्रंकेत सहा सुती साड्या, एक इंग्रजी शब्दकोश आणि लंडनहून आलेली पियानोच्या परीक्षांची चार प्रमाणपत्रं होती. पियानो नव्हता.

नगरला मिशनच्या शाळेत एका मडमेने मला सात वर्षं शिकवलं होतं. तिचा नियम एकच. पानावर छापलंय ते वाजवायचं आणि छापलेलं नाही ते वाजवायचं नाही. रविवारी मात्र आम्ही आमच्या ख्रिस्ती देवळात जाजमावर बसून तबला-झांजेच्या तालावर भजनं म्हणायचो. टाळ्या वाजवायचो, डोलायचो, एकच ओळ दहादा घोळवायचो. हे एक गाणं आणि मडमेकडचं ते दुसरं संगीत, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. एकाचा वारा दुसऱ्याला लागू द्यायचा नसतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पण मी आपणहून पाळत होते. मी अशीच होते. रुमालसुद्धा रंगांप्रमाणे लावायचे.

तुमचे आजोबा तेल कंपनीच्या स्टोअर्समध्ये होते. शहरातल्या बनेद अल-गार वस्तीत आम्हाला दोन खोल्या मिळाल्या होत्या. ते सकाळी कामावर गेले की मी जेवणाचं टेबल पुसायचे, त्यावर पुस्तक उघडायचे आणि लाकडावर बोटं चालवून सराव करायचे. पेडलच्या जागी पाटा होता. शेजारच्या मल्याळी बाईने एकदा खिडकीतून पाहिलं आणि आजोबांना जिन्यात गाठून विचारलं, "तुम्हारा मिसेस का तबियत ठीक है?" आजोबा म्हणाले, "वो पियानो बजाती है." तिने परत खिडकीतून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी कसलासा काढा घेऊन आली. मी तो प्यायले. चांगला होता.

असं वर्षभर चाललं. मग हिंदुस्थानी मुलांसाठी निघालेल्या एका शाळेच्या समारंभाला आम्ही गेलो. हॉल म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड होती, आणि तिच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक उभा पियानो होता. मायदेशी परत जाताना कुणा इंग्रज कुटुंबाने तो शाळेला देऊन टाकला होता. मी ताडपत्री वर केली आणि एक पट्टी दाबली. ती खाली गेली आणि खालीच राहिली. तिच्या शेजारचीही तशीच. दमट हवेने लाकूड फुगलं होतं.

"हात लावू नका, बाई," मागून आवाज आला. ते हेडमास्तर होते. मूळचे पुण्याचे. खाकी हाफ पँट, गळ्यात शिटी. शिस्तीचे इतके भोक्ते की हॉलच्या भिंतीवर त्यांनी वाळूने भरलेल्या लाल बादल्या ओळीने टांगल्या होत्या आणि दर गुरुवारी मुलांकडून आग विझवण्याची कवायत करून घ्यायचे. "हे जनावर दोन बाकांची जागा खातं. उद्या मिस्त्री येणार आहे. फोडून वह्यांचं कपाट करायचंय."

"सर, पियानोचं कपाट?"

"मग काय, कपाटाचा पियानो करू?"

मी म्हटलं, मी हा दुरुस्त करून घेते, मुलांना शिकवते. ते म्हणाले, "शिकवाल हो. पण पालक विचारतील, ह्यातून पोराला नोकरी काय लागणार? पेटी असती तर एक वेळ मी सांगितलं असतं, प्रार्थनेला उपयोगी आहे." मग त्यांनी डोळे बारीक केले. पुणेकराने डोळे बारीक केले की समोरच्याने बसून घ्यावं. "दोन महिने देतो. पालकांपुढे एक तासाचा कार्यक्रम करा. तासभर पालक जागे राहिले तर तुम्हाला संगीत शिक्षिका म्हणून नेमतो. झोपले तर कपाट."

मला ती नोकरी फार हवी होती. किती हवी होती ते मी आजोबांनाही सांगितलं नव्हतं. बोटं विसरायला लागली होती. टेबलावर आणखी वर्षभर वाजवलं असतं तर मला फक्त टेबलच वाजवता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिस्त्रींच्या आधी शाळेत जाऊन पियानोपुढे उभी राहिले. मिस्त्री रत्नागिरीकडचे मुसलमान, पन्नाशीचे, कुवेतच्याच शर्क भागातल्या किनाऱ्यावर लाकडी गलबतं बांधणारे. खांद्यावर करवत. मला वाटलं आता वाद घालावा लागणार. त्यांनी पियानोवरून तळहात फिरवला, बोटाने दोन ठिकाणी टकटक केलं, खाली वाकून आत डोकावून पाहिलं आणि करवत बाकावर ठेवून दिली.

"बाय, ह्यो फोडायचा नाय. असला लाकूड आता मिलत नाय."

"मलाही फोडायचा नाहीच, चाचा."

"मग फोडतो कोन?"

"हेडमास्तर."

"त्यांना लाकडातला काय कलतंय," चाचा म्हणाले आणि त्यांनी पुढची फळी काढली.

त्यांनी आयुष्यात पियानो पाहिला नव्हता. पण फुगलेलं लाकूड, सैल खुंटी आणि ताणलेली दोरी ह्या तिन्ही गोष्टी गलबतावर असतात. त्यांनी प्रत्येक पट्टी काढली, खडूने तिच्यावर आकडा घातला आणि कानशीने कडा घासल्या. तारा मी जुळवायचे. मी "वर" म्हणायचे, ते खुंटी पिळायचे. मी "पुरे" म्हणायचे आणि ते "अजून जराशी खाते बाय" म्हणत आणखी पिळायचे. दोन तारा तशाच तुटल्या. महिन्याभरात पियानो बोलायला लागला.

आता कार्यक्रम काय करायचा? मी नीट यादी केली. एक सोनाटा, दोन प्रिल्यूड, एक फ्यूग. आजोबांनी यादी वाचली आणि म्हणाले, "कपाटाचं माप घेऊन ठेवायला सांग."

"म्हणजे?"

"अगं, पहिल्या दहा मिनिटांत मी झोपेन, आणि मी तर तुझा नवरा आहे."

त्या वेळी मी शुक्रवारच्या उपासनेत पेटी वाजवत असे. कुवेतला सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे आमचा रविवार शुक्रवारी यायचा. दवाखान्याच्या मोठ्या खोलीत आम्ही जमायचो. गायकगण म्हणजे नगर-मिरजेकडच्या दहा-बारा नर्सेस, त्यांचे नवरे आणि दोन कारकून. गायकगणाची पुढारी मात्र अमेरिकन होती. दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला, उंच, काळी, दक्षिणेकडच्या कुठल्याशा कापसाच्या गावची. तिची आई तिकडे चर्चमध्ये गाणं चालवायची आणि ते गाणं म्हणजे गॉस्पेल. ती गायला लागली की खिडकीच्या काचा थरथरायच्या. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, मी मराठीत सांगते आहे.

मी तिला माझी अडचण सांगितली. ती हसत सुटली.

"हनी, तू छान वाजवतेस. पण तू फॉर्म भरल्यासारखं वाजवतेस. नाव, पत्ता, सही. एकही रकाना रिकामा नाही."

मला राग आला. फॉर्म नीट भरणं ह्यात चूक काय? पण संध्याकाळी मनात म्हटलं, अर्धा तास माझा आणि अर्धा तास हिचा. पहिल्या अर्ध्या तासात जे झोपतील ते दुसऱ्यात उठतील. तुमची आजी दोन्ही संगीतांना जोडणारी झाली ती कुठल्या थोर विचाराने नव्हे, केवळ ह्या हिशेबाने.

तालमी शाळेच्या हॉलमध्ये सुरू झाल्या. तिने तिच्या आईचं एक गाणं निवडलं. ते एवढंच सांगतं की मी दार उघडं टाकून बसले आहे, तू ये. ती एक ओळ म्हणणार, आम्ही उत्तर देणार, आणि टाळ्या. टाळ्यांपाशी सगळं अडलं.

तिच्याकडे टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. आमची माणसं लहानपणापासून भजनात बसलेली. त्यांची टाळी पहिलीवर, समेवर. ती हातापायातच मुरलेली. ती ओरडायची, "टू! फोर!" आमच्यातले अर्धे तिला घाबरून दुसरीवर वाजवायचे, उरलेले सवयीने पहिलीवर. मग जे दुसरीवर होते ते गोंधळून तिसरीवर जायचे. थोड्या वेळात प्रत्येक मात्रेवर टाळी पडायला लागली. लग्नघरी दहा बायका एकदम भाकऱ्या थापायला बसल्यावर होतो तसा आवाज.

"स्टॉप!" ती म्हणाली. "तुमच्यातला कोणी मला एक शांत जागा दाखवेल का? ह्या गाण्यात शांत जागा असते. तुम्ही ती भरून टाकलीत."

मिरजेची एक वयस्क नर्स म्हणाली, "बाई, पहिली मात्रा सोडून दुसरीवर टाळी म्हणजे पाहुणा दारात आल्यावर त्याला सोडून त्याच्या सामानाला नमस्कार केल्यासारखं वाटतं."

मी भाषांतर केलं. लॅबवाली म्हणाली, "तिला सांग, सामानातच खाऊ असतो."

पण सगळ्यांत वाईट मीच होते. गाणाऱ्यांचं काय, ते हात मागे घेऊ शकतात. माझा डावा हात पहिल्या मात्रेवर असा काही आदळायचा की दुसरीला काही शिल्लकच राहायचं नाही. मडमेने पहिलीवर वजन द्यायला शिकवलं होतं, भजनाने पहिलीवर वजन द्यायला शिकवलं होतं. माझ्या डोक्यात ज्या दोन गोष्टींचं कधी पटलं नव्हतं त्यांचं नेमकं ह्या एका बाबतीत एकमत निघालं.

चाचा पियानोच्या मागे बसून त्याच्या पायाला खिळा मारत होते. दोन आठवडे त्यांनी हे निमूटपणे ऐकलं होतं. त्या दिवशी ते हातोडी ठेवून उठले.

"बाय, तुमी हाकेलाच वढताय."

"काय?"

"गलबत वर वढताना एक मानूस हाक देतो. हाकेला कोनी वढत नाय. हाक झाली की मग वढायचा. हाकेलाच वढलात तर हाक द्यायला दम कुटं? दोर सुटंल नि सगले उताने." आणि ते बाहेर जाऊन मनगटाएवढा जाड दोर घेऊन आले. त्याचं एक टोक त्यांनी हॉलच्या लोखंडी खांबाला बांधलं आणि दुसरं नर्सेसच्या हातात दिलं. "हां. तुमी मेमसाब, हाक द्या."

लॅबवालीने ओळ सुरू केली. पहिल्या मात्रेवर शब्द, दुसरीवर ओढ. पहिल्या खेपेला मिरजेच्या नर्सबाई हाकेलाच ओढून मागच्या कारकुनाच्या मांडीत जाऊन बसल्या. दुसऱ्या खेपेला निम्मे जण. पण दोराला वाद घालता येत नाही. जो चुकतो त्याला तो आपटतो. पाचव्या-सहाव्या खेपेला सगळे एकदम दुसरीवर मागे झुकले, खांब कुरकुरला, आणि लॅबवाली गाता गाताच "येस!" असं ओरडली.

नेमके तेव्हाच हेडमास्तर आत आले. त्यांनी पाहिलं ते असं. साड्या खोचलेल्या बारा बायका, घामाने भिजलेले नवरे, आणि सगळे मिळून शाळेचा खांब उपटताहेत.

"हे काय चाललंय?"

"संगीत, सर," मी म्हटलं.

ते खांबाकडे गेले, तो हलवून पाहिला, डायरीत काहीतरी लिहिलं आणि निघून गेले. काय लिहिलं ते मला आजही ठाऊक नाही.

माझ्यासाठी चाचांनी वेगळी युक्ती केली. डाव्या मनगटाला सुतळी. तिचं टोक लॅबवालीच्या हातात. पहिल्या मात्रेवर मी जोर लावायला गेले की ती सुतळी वर ओढायची, दुसरीवर सोडायची. दोन आठवडे मी बांधलेल्या शेळीसारखी पियानो वाजवत होते. मग एके दिवशी तिने सुतळी कधी सोडून दिली ते मला कळलंच नाही. नवल असं की त्यानंतर माझा सोनाटासुद्धा बदलला. छापलेलं तेच वाजत होतं, पण मधे कुठे कुठे हवा खेळायला लागली होती. मडम असती तर तिला ते आवडलं असतं की तिने छडी उचलली असती, मला सांगता येत नाही.

कार्यक्रम गुरुवारी दुपारी साडेचारला होता. बुधवारी सकाळी मी हॉलमध्ये गेले तर दारातच थबकले. सबंध हॉलला मासळी बाजाराचा वास येत होता. पियानो चकचकत होता आणि चाचा शेजारी उभे राहून हात पुसत होते.

"चाचा, काय केलंत?"

"तेल लावलां. आतनं भायेरनं. धा वर्सं पानी शिरायचा नाय."

गलबताचं लाकूड टिकावं म्हणून त्याला शार्क माशाच्या काळजाचं तेल चोपडतात. चाचांना तो पियानो आवडला होता आणि जे आवडतं त्याला जे सगळ्यांत चांगलं ते लावायचं, इतकं ते साधं होतं. मी त्यांना रागावूच शकले नाही. मी नाकाला पदर लावून म्हटलं, "फार छान झालंय, चाचा." मग घरी जाऊन आजोबांना म्हटलं, "अहो, पियानोला बोंबलासारखा वास येतोय."

आजोबा म्हणाले, "एक चांगलं आहे. आता कोणी झोपणार नाही."

मी साबण लावला, सोडा लावला, लिंबं चोळली. वास आणखी जागा झाला. शेवटी आठवलं, इथल्या घरांत पाहुणे आले की बखूर जाळतात. मातीच्या छोट्या धुपाटण्यात निखारा आणि वर सुगंधी लाकडाचा तुकडा. मी शेजारणीकडून धुपाटणं आणलं. गुरुवारी चार वाजता खालची फळी काढून ते पियानोच्या पोटात ठेवलं, तारांपासून वीतभर दूर, खाली परात, मोजूनमापून. बखूर जरा जास्त घातला. खरं म्हणजे बराच जास्त घातला. फळी परत लावली. वास झाकला गेला. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

साडेचारला हॉल भरला. पुढच्या रांगेत हेडमास्तर, हातावर घड्याळ, पालकांकडे अर्धे वळून बसलेले. ते गाणं ऐकत नव्हते, ते डुलक्या मोजायला बसले होते. मी नमस्कार केला आणि आवाज नीट पसरावा म्हणून पियानोचं वरचं झाकण उघडलं. नंतर मला कळलं की मी ते उघडून त्या बिचाऱ्या बखुराला चिमणी करून दिली होती.

मी वाजवायला लागले की पानापलीकडे पाहत नसे. सोनाटाच्या दुसऱ्या पानावर मला जाणवलं की हॉलमध्ये विलक्षण शांतता आहे. खोकला नाही, बांगडी नाही. मी मनात म्हटलं, जागे आहेत! सगळे जागे आहेत! मी आणखी रंगून वाजवलं. पियानोच्या माथ्यावरून पांढरा धूर सरळ छतापर्यंत चालला होता आणि मी जितका पेडल दाबत होते तितकी खालची फळी हलून तो गचके घेत वर येत होता, हे मला दिसतच नव्हतं. आजोबा सांगायचे की मागच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "केवढ्या प्रेमाने वाजवतेय, वाद्यसुद्धा तापलं."

मग शिटी वाजली.

"कोणीही हलू नका!" हेडमास्तर गरजले. एवढ्या गुरुवारांच्या कवायतीनंतर त्यांच्या आयुष्यात अखेर एक खरी आग आली होती. त्यांनी भिंतीवरची लाल बादली काढली, चार ढांगांत पियानो गाठला आणि उघड्या झाकणातून सगळी वाळू आत ओतली. मग दुसरी बादली ओतली. मी अजून वाजवतच होते. पट्ट्यांमधून आधी सूर आले, मग कर्रकर्र, मग काहीच नाही.

मी हात मांडीवर ठेवले. पट्ट्यांच्या फटींतून वाळू माझ्या साडीवर सांडत होती.

"आग विझली आहे," हेडमास्तर पालकांकडे वळून म्हणाले. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या.

"सर," मी म्हटलं, "तो बखूर होता."

त्यांनी वास घेतला. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. माझा कसा झाला असेल ते मला माहीत नाही, पण मला रडू फुटायच्या बेतात होतं. घड्याळात जेमतेम दहा मिनिटं झाली होती. पन्नास मिनिटं उरली होती आणि वाजवायला काही उरलं नव्हतं.

तेव्हा बाजूला उभ्या असलेल्या गायकगणातून लॅबवाली पुढे आली. तिने माझ्या साडीवरची वाळू झटकली, दंडाला धरून मला उभं केलं आणि म्हणाली, "फॉर्म फाटला, हनी. आता तोंडी सांग." आणि गायला लागली. कशाचीही साथ नाही. दार उघडं टाकून बसलेल्या बाईची ती ओळ पत्र्याच्या छपराला जाऊन लागली. आमच्या माणसांनी उत्तर दिलं आणि दुसरीवर टाळी दिली. एकच टाळी, सगळ्यांची मिळून. नर्सबाईसुद्धा चुकल्या नाहीत. मी पुढे उभी राहून हाताने मात्रा देत होते आणि गात होते. त्याआधी लोकांसमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं.

मग पालकांना राहवेना. तेही टाळ्या द्यायला लागले, आणि अर्थातच पहिलीवर. भाकऱ्या थापणं पुन्हा सुरू होणार, एवढ्यात मागच्या बाकावरून चाचा उठले, दोन्ही हात तोंडाशी धरून लॅबवालीच्या प्रत्येक ओळीनंतर "हैऽस्सा!" म्हणून ओढल्यासारखे मागे झुकायला लागले. कोकणातले दोघे-तिघे बाप ते ओळखून उभे राहिले. मग त्यांची मुलं. बघता बघता सबंध हॉल हाकेला थांबत होता आणि दुसरीवर मागे झुकत होता. तिने ते गाणं किती वेळ चालवलं देव जाणे. ते संपलं तेव्हा मी घड्याळ पाहिलं. सव्वापाच वाजले होते. पंधरा मिनिटं उरली होती, आणि लोक म्हणाले, तेच परत म्हणा.

हेडमास्तर मात्र तोवर उठून गेले होते. रिकामी बादली घेऊन.

शुक्रवारभर मी अन्नाला शिवले नाही. ते निघून गेले म्हणजे संपलंच. पियानोत शाळेची दोन बादल्या वाळू, पोटात विस्तव मी ठेवलेला, आणि त्याआधी त्यांचा खांब हलवलेला. शनिवारी सकाळी शिपाई निरोप घेऊन आला. मी माफीची तीन वाक्यं पाठ केली आणि गेले. त्यांच्या खोलीत शिरले आणि आम्ही दोघं एकदमच बोललो.

"सर, मी फार दिलगीर—"

"बाई, वाळू टाकण्यापूर्वी मी—"

आणि दोघंही थांबलो. त्यांनी शिटीशी चाळा केला. पुण्याच्या माणसाला माफी मागताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि तेव्हाही पाहिलं नाही.

"पियानोचं कपाट आता होत नाही," ते खिडकीकडे पाहत म्हणाले. "वह्यांना वास लागेल."

"हो सर."

"तासभर कोणी झोपलं नाही. मी मोजत होतो."

"तुम्ही मधेच गेलात, सर."

"बाहेरून मोजत होतो. खिडकीतून." मग त्यांनी ड्रॉवरमधून कागद काढून पुढे सरकवला. "विस्तव आणायचा नाही. खांबाला हात लावायचा नाही. बाकी काय शिकवायचं ते तुम्ही बघा. दुसऱ्या तासाला पाचवीचा वर्ग मोकळा आहे."

"आज?"

"मग काय, मुहूर्त काढू?"

पुढे त्या शाळेत मी साठचं दशक सरत येईपर्यंत शिकवलं. चाचांनी पिसाने आणि भात्याने महिनाभर वाळू काढली. वरच्या टोकाच्या चार पट्ट्या कायमच्या मुक्या राहिल्या, म्हणून त्या चार लागणार नाहीत असेच तुकडे मी निवडायचे. आधी पुस्तक उघडून अर्धा तास, मग पुस्तक मिटून अर्धा तास, असा माझा वर्ग चालायचा. लॅबवाली रजा असेल तेव्हा येऊन मुलांना हाक द्यायची. मुलं परीक्षांना बसली. पहिल्यांदा लंडनचा परीक्षक आला तेव्हा त्याने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, तुमची मुलं वाजवण्याआधी वास का घेतात? पण पास केली त्याने सगळ्यांना.

हे सगळं नंतरचं. त्या शनिवारी मी कागद पर्समध्ये घातला आणि पाचवीच्या वर्गात गेले. चाळीस मुलं उभी राहिली. मी खडू हातात घेतला आणि लक्षात आलं की मला काही सुचत नाहीये. सगळी तयारी माफीची होती, शिकवण्याची काहीच नव्हती. मी फळ्यावर पाच रेघा मारल्या. एक मुलगी म्हणाली, "टीचर, रेघा वाकड्या आल्या."

खरंच वाकड्या होत्या. मी डस्टर उचललं आणि परत खाली ठेवलं.

"राहू दे," मी म्हटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच वाकड्या रेघा न पुसता पुढे शिकवायला लागले.